आईच्या मापाचा प्रश्न

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तिच्या मापाची ब्रा मिळाली पाहिजे, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो वाचूनच काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. चळवळीच्या वर्तमानपत्रात ॲट्रॉसिटीवर लिहावे, आरक्षणावर लिहावे, शिष्यवृत्तीवर लिहावे. हे काय नवीन काढले, असेही काही बंधू विचारतील. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध पाजा, असे सरकार सांगते, डॉक्टर सांगतात, दवाखान्याच्या भिंती सांगतात. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो, भाषणे होतात, फोटो निघतात. पण ज्या छातीतून ते दूध येते तिचे गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत आणि पुढे दोन वर्षांत काय होते, तिच्यावर कोणता कपडा असतो, तो काचतो की टोचतो, हे त्या सप्ताहात कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. दूध साऱ्या समाजाचे आणि दुखणे एकट्या बाईचे, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा असेल तर तसे बोलून दाखवणे हे आपले काम नाही काय?

वस्त्यांमधील महिला मंडळांच्या बैठकांना मी अनेक वर्षे जाते. तिथे बायका पोटगीवर बोलतात, रेशनकार्डावर बोलतात, नवऱ्याच्या दारूवर बोलतात. मात्र छातीत गाठ आली, ताप भरला, पाजवेना म्हणून महिन्याच्या आत पावडरचा डबा आणला, हे त्या बैठक संपल्यावर, दाराशी चपला घालताना, खालच्या आवाजात सांगतात. "ताई, बाडी लई आवळायची हो, पण दुसरी कुठनं आणू?" हे वाक्य थोड्याफार फरकाने मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकले आहे. पोटगीच्या अर्जात या दुखण्याला रकाना नाही आणि दवाखान्याच्या केसपेपरवरही नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालील ६४ टक्के बाळांना निव्वळ आईचे दूध मिळत होते. त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५५ टक्के होते. सुधारणा झाली, हे मान्य. पण उरलेल्या बाळांच्या आयांना आपण काय म्हणतो? "हिला दूधच नाही," "हिला फिगरची काळजी," असे म्हणून मोकळे होतो. त्यांच्यापैकी कित्येक जणींनी वेदनेपुढे हात टेकले असतील, हा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. पावडरच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा १९९२ साली झाला. कायदा चांगलाच आहे. पण डब्याची जाहिरात बंद केल्याने आईची ठसठस थांबत नाही.

दीड वर्षात चार वेळा बदलणारे माप

आधी शरीराचे बोलू, कारण शरीराविषयीचे अज्ञान हेच या प्रश्नाचे मूळ आहे. दिवस राहिल्यावर साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून स्तन जड होतात, दुखरे होतात, शिरा दिसू लागतात. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची वाढ सुरू झालेली असते. पुढे पोट वाढते तसा बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो. म्हणजे छातीचा आकार बदलतो आणि छातीखालचा घेरही बदलतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दूध उतरते. त्या वेळी एका रात्रीत छाती दगडासारखी होते, पदराचा स्पर्शही सहन होत नाही. पुढे बाळाची भूक आणि आईचे दूध यांचा मेळ बसत जातो आणि साधारण सहा आठवड्यांनी आकार स्थिरावतो. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू झाले की तो पुन्हा हळूहळू उतरतो. दीड वर्षात चार वेळा माप बदलते, आणि आमची बाई लग्नाच्या बस्त्यातल्या मापाची ब्रा शेवटच्या हुकावर ओढून घालत राहते.

याचा परिणाम काय होतो? आवळलेल्या पट्ट्याचा किंवा तारेचा दाब एकाच जागी पडत राहिला तर त्या भागातले दूध नीट निघत नाही, तिथे ते साचते, सूज येते, लालसर टणक गाठ होते. वेळीच लक्ष दिले नाही तर ताप भरतो, थंडी वाजते. यालाच डॉक्टर स्तनदाह म्हणतात. तोही अंगावर काढला तर गळू होऊन पू काढण्याची वेळ येते. प्रत्येक गाठीला ब्राच जबाबदार असते असे मी म्हणत नाही. बाळाने नीट पकडलेले नसणे, दोन पाजण्यांत फार अंतर पडणे ही मोठी कारणे आहेत आणि बोंडांना चिरा पडतात त्याही बहुधा चुकीच्या पकडीमुळेच. पण आवळ कपडा हे असे कारण आहे की जे पाच मिनिटांत, औषधाशिवाय दूर करता येते. तेच आपण दूर करत नाही.

"ब्राच घालू नये, आमच्या आज्यांनी कुठे घातली?" असाही एक सूर निघतो. ब्रा घातलीच पाहिजे असा काही वैद्यकीय नियम नाही. जिला नको असेल तिने घालू नये. पण भरलेली छाती घेऊन बसमध्ये उभे राहायचे, चार मजले झाडून काढायचे, डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढायची, तर आधार लागतो. आणि आज्यांचे म्हणाल तर त्यांची चोळी पुढे गाठ मारायची होती. गाठ सोडली की बाळाला घेता येई, अंग भरले की गाठ सैल बांधता येई. मागे हुक असलेला, अंगाला चिकटून शिवलेला ब्लाऊज आणि त्याखाली एकाच मापाची ब्रा आली, तेव्हा ही सोय गेली. नवा कपडा आला, पण तो वापरण्याचे ज्ञान त्याच्याबरोबर आले नाही.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून काढू. अंगावर पाजल्याने छाती ओघळते, असे सांगून तरुण मुलींना भीती घातली जाते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढते वय, वजन, गर्भारपणांची संख्या, धूम्रपान यांचा संबंध आढळला. स्तनपानाचा आढळला नाही. बदल होतो तो गर्भारपणामुळे, पाजल्याने नव्हे.

वस्त्राचा प्रश्न हा हक्काचाच प्रश्न

ज्यांना वाटते की अंगावरचा कपडा हा चळवळीचा विषय नाही, त्यांनी इतिहासाकडे पाहावे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना सवर्णांसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे झगडल्या, त्यांना मारहाण झाली, त्यांचे कपडे फाडले गेले. अखेर १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढून वरचे वस्त्र वापरण्याची परवानगी द्यावी लागली. तीही सवर्ण स्त्रियांसारखे नेसायचे नाही, या अटीवर! छातीवर कोणते वस्त्र असावे हे जात ठरवत होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांच्या सभेत लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने नकोत, हे मुद्दाम सांगितले. बाईच्या अंगावरचा कपडा तिचा दर्जा ठरवतो आणि म्हणून तो बदलता येतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज छाती झाकण्याची बंदी नाही. आज आहे ती लाज, आणि त्या लाजेवर चालणारा बाजार. तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानाचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. गल्ल्यावर पुरुष, माल दाखवणारा पुरुष, शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक ओळखीचे. बाई खाली मान घालून म्हणते, "चौतीस द्या." दुकानदार तिच्याकडे एकदा पाहून खोका काढतो. घालून पाहायची सोय नसते, बदलून मिळत नाही. चौतीस हा आकडा तिला कोणी सांगितला? बहुधा मोठ्या बहिणीने, किंवा मागच्या वेळच्या दुकानदाराने. टेप लावून तिचे माप कोणी घेतलेलेच नसते. ब्लाऊजसाठी शिंपी माप घेतो, चपलेसाठी पाऊल मोजले जाते; ज्या कपड्याचे माप सर्वांत काटेकोर हवे, तोच अंदाजाने घेतला जातो.

आणि नुसता चौतीस हा आकडा अर्धवट आहे. अमेरिकेतील एस. एच. कॅम्प अँड कंपनीने १९३२ मध्ये छातीच्या आकाराला ए, बी, सी, डी ही अक्षरे लावली. आकडा सांगतो छातीखालचा घेर, अक्षर सांगते कपाचा आकार. या गोष्टीला नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी लहान दुकानात बी कपापुढचा माल शोधावा लागतो आणि फीडिंग ब्रा मागितली तर "शहरात मिळेल" असे उत्तर येते. कप लहान पडतो म्हणून बाई मोठा आकडा घेते. मग पट्टा ढिला पडतो, तो पाठीवर चढतो, सगळा भार खांद्यांवर येतो, खांद्यांवर चर पडतात, मान दुखते. मान दुखते म्हणून बाम लावायचा, आणि दुखण्याचे कारण मात्र अंगावर तसेच!

माप कसे घ्यावे

भगिनींनो, शिंप्याची टेप घरोघरी असते. नसेल तर विकत घ्या, फार खर्चाची वस्तू नाही. अंगात पातळ, पॅड नसलेली ब्रा असू द्या किंवा काहीही नसू द्या. पहिले माप छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवरून घ्यायचे. टेप पाठीमागेही आडवी सरळ असावी, अंगाला लागून असावी, पण रुतू नये. समजा ३२ इंच आले. दुसरे माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैलसर ठेवून घ्यायचे. समजा ३५ इंच आले. दोन्हींतला फरक १ इंच असेल तर ए, २ असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी. या उदाहरणात माप झाले ३२ सी. खालचा घेर विषम आला, म्हणजे ३३ आला, तर पुढचा सम आकडा, ३४, धरावा आणि त्याच्याशी फरक मोजावा. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून खोक्यावरचा तक्ता पाहावा. दुकानात ३२ सी नसेल तर ३४ बी मागावी. दोन्हींच्या कपात जागा सारखीच असते, फक्त पट्टा सैल असतो, तो आतल्या हुकावर घ्यायचा. एवढे ज्ञान असले तरी दुकानदाराच्या नजरेवर अवलंबून राहावे लागत नाही.

घालून पाहिल्यावर काय तपासायचे? हात वर करा. पट्टा मागून वर सरकला तर तो ढिला आहे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, मूठ जाता कामा नये. कपाच्या कडेवरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. खांद्याची पट्टी रुतत असेल तर भार पट्ट्यावर नाही, खांद्यावर आहे. मुख्य भार छातीखालच्या पट्ट्याने पेलला पाहिजे. बसून पाहा, वाकून पाहा, कारण दिवसभर कोणी उभे राहत नाही.

गरोदरपणात पहिली नवी ब्रा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते. ती आतल्या, म्हणजे सर्वांत घट्ट हुकावर बसेल अशी घ्यावी. पुढे घेर वाढेल तसे हुक बाहेर सरकवता येतात. तेही संपले तर हुकांची जोडपट्टी मिळते, ती लावून जुनी ब्राही काही दिवस चालते. बाळंतपणासाठीची फीडिंग ब्रा मात्र शेवटच्या महिन्यात घ्यावी आणि ती उलट, बाहेरच्या हुकावर बसेल अशी घ्यावी, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो. कपात थोडी मोकळी जागा हवी; दूध उतरल्यावर ती भरते आणि पॅडलाही जागा लागते. कापड सुती, आत तार नसलेले. कपाचा हुक एका हाताने उघडतो आणि लागतो का, हे दुकानातच पाहावे, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. एकदम सहा घेऊ नयेत. तीन पुरतात, एक अंगात, एक धुण्यात, एक वाळत. सहा आठवड्यांनी पुन्हा टेप लावावी.

फीडिंग ब्रा मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर पुढे हुक असलेली सुती ब्रा चालते. ओळखीच्या शिंपिणीकडून पुढे उघडणारी, थोडी सैल सुती चोळी शिवून घेतली तरी काम होते. पॅडही विकतचेच हवेत असे नाही; जुन्या, मऊ, धुतलेल्या सुती कापडाचे चार-पाच थर गोल कापून शिवावेत. ओले झाले की बदलावेत. ओला कपडा अंगाला चिकटून राहिला तर बोंडांची त्वचा खराब होते, बुरशीचा संसर्गही होऊ शकतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. आपल्या घरात ब्रा वाळत घालतात ती साडीखाली, टॉवेलखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. ती धड वाळत नाही आणि तशीच दमट अंगात घातली जाते. पुरुषाची बनियन गच्चीवर उन्हात फडफडते, आणि बाळाच्या तोंडाशी येणारा कपडा मात्र अंधारात! तो उन्हात, उघड्यावर वाळला पाहिजे. कोणाला पाहून लाज वाटत असेल तर त्याने दुसरीकडे पाहावे.

खरेदीविषयी वकील म्हणून दोन शब्द. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण माप चुकले म्हणजे माल सदोष, असे होत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच "माप न बसल्यास बदलून द्याल का?" हे विचारावे, पावती घ्यावी आणि घरी घालून पाहताना लेबल काढू नये. नकार देणाऱ्या दुकानातून दहा जणींनी एकत्र जाऊन खरेदी बंद केली, की धोरण आपोआप बदलते.

गाठ आली तर

गाठ जाणवली, दुखू लागले, तर पहिली गोष्ट म्हणजे आवळ कपडा काढावा. पाजणे थांबवू नये. त्या बाजूनेही बाळाला घ्यावे, ते दूध बाळाला अपाय करत नाही. थंड पाण्याची घडी ठेवावी. जोरजोरात चोळू नये, त्याने सूज वाढते. एका दिवसात उतार पडला नाही किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. दूध साचल्याची गाठ काही दिवसांत विरते. जी विरत नाही ती दुधाची आहे असे गृहीत धरू नये, तपासून घ्यावी.

आणखी एका आईविषयी लिहिणे भाग आहे, कारण तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. बाळ पोटात गेले, किंवा जन्मून दगावले, तरी आईला दूध येते. तिसऱ्या दिवशी रिकाम्या मांडीवर तिची छाती भरून येते. घरातल्या म्हाताऱ्या तिची छाती फडक्याने करकचून बांधतात. हेतू वाईट नसतो, पण आवळून बांधल्याने वेदना आणि गाठींचा धोका वाढतो. तिला आधार देणारी पण न काचणारी ब्रा, थंड घड्या, फार ठसठसले तर जरा हलके वाटेल एवढेच दूध पिळून काढणे आणि डॉक्टरांचा सल्ला, एवढे तरी मिळाले पाहिजे. तिचे नाव लाभार्थींच्या यादीतून कमी झाले, म्हणून तिच्या शरीराचे बाळंतपण रद्द होत नाही.

कायदा काय सांगतो आणि कोणापर्यंत पोहोचतो

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला मिळणारी विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा विषय असल्याचे मांडले. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा खर्चाचा भार त्यानेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे संविधानाच्या कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद आली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. या तरतुदी संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हुस्ना बानू प्रकरणात स्तनपान हा आईचा अविभाज्य हक्क मानला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष असावेत, यासाठी निर्देश दिले.

कागदावर हे सारे भरभक्कम आहे. पण घरकाम करणारी, ऊसतोडीच्या फडात उतरलेली, वीटभट्टीवर राबणारी, कचरा वेचणारी आमची बहीण यात कुठे आहे? तिला २६ आठवडे नाहीत, पाळणाघर नाही, दोन सुट्ट्या नाहीत. बाळ झोपडीत किंवा बांधावर, आणि छाती भरून आलेली घेऊन ती मोळी उचलते. घाम, धूळ, उसाचे पाचट आणि त्यात आवळ, नायलॉनची, दोन मापे लहान ब्रा. पाजण्याची वेळ टळली की दूध कपड्यावर वाहते, आणि तोच ओला कपडा संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. मापाच्या ब्राची गरज सर्वांत जास्त तिला आहे आणि ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी तिचीच आहे.

आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. तिच्या धाडसाचे कौतुक सगळे करतात. दरवाजा का उघडला नाही, हे कोणी विचारत नाही. आजच्या आयांनाही आपण कडाच उतरायला लावत आहोत. अनेक न्यायालयांच्या आवारात तर असा कक्षही नसतो. तान्हे बाळ घेऊन तारखेला आलेली बाई जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून पाजते, हे मी नेहमी पाहते.

तमिळनाडूने २०१५ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या बाळांसाठी साहित्याचा संच सुरू केला. तेलंगणाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या संचात आईसाठी साड्याही होत्या. म्हणजे सरकार आईला कपडा देऊ शकते. मग दोन सुती फीडिंग ब्रा का देऊ शकत नाही? २०१७ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये ठरले. त्यात आईचा खुराक, दवाखान्याच्या फेऱ्या, बाळाचे कपडे. आईच्या आतल्या कपड्याचा नंबर येईपर्यंत पैसे संपतात. सॅनिटरी नॅपकिनविषयीही एके काळी बोलत नव्हते. २०१७ मध्ये त्यावर १२ टक्के जीएसटी लागला, बायका उघडपणे बोलल्या, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. बोलल्याशिवाय काही मिळत नाही, हा धडा त्यातून घ्यायचा.

म्हणून काही सूचना. प्रत्येक महिला मंडळाने एक टेप आणि मापांचा एक तक्ता ठेवावा आणि महिन्यातून एकदा गरोदर बहिणींची मापे घ्यावीत. दार लावून, बायकांनीच. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणात हे मापाचे ज्ञान यावे, अशी मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करावी. बाळंतिणीला मिळणाऱ्या संचात दोन सुती फीडिंग ब्रा असाव्यात, असे निवेदन आमदारांना द्यावे. शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी पुढे उघडणारी चोळी आणि कापडी पॅड शिवायला घ्यावेत. मालाला गिऱ्हाईक आपल्याच वस्तीत आहे. डोहाळजेवणाला पाचवी साडी नेण्यापेक्षा तिचे माप विचारून योग्य ब्रा न्यावी. आणि बंधूंनो, बायकोचे माप कागदावर लिहून घेऊन दुकानात जायला लाजू नका. बाळाचे झबले तुम्ही आणताच, हेही आणा.

येत्या १ ऑगस्टला तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात स्तनपान सप्ताहाचा कार्यक्रम होईल. आईच्या दुधाचे गुण सांगितले जातील, टाळ्या पडतील. त्या वेळी एका तरी भगिनीने उठून विचारावे, "साहेब, हे दूध पाजणाऱ्या बाईच्या अंगावरच्या कपड्याची तुमच्याकडे काय तरतूद आहे?" उत्तर तिथे मिळणार नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि त्याची प्रत मागा. पुढच्या ऑगस्टला तीच प्रत हातात घेऊन पुन्हा जाता येईल.